गोवराची लस गालगुंडावर चालत नाही

प्रश्न: मी ३३ वर्षांचा आहे, महाविद्यालयात शिकवतो. आमच्या वसतिगृहातल्या दोन मुलांना गेल्या आठवड्यात गालगुंड झालं. त्यातला एकजण गाल सुजायच्या आदल्याच दिवशी माझ्यासमोर तासभर बसून प्रकल्पावर बोलत होता. माझ्या लसीकरण कार्डावर नवव्या महिन्यात 'गोवर' एवढीच नोंद आहे. आई म्हणते, लहानपणी तुझा एक गाल सुजला होता, तेव्हा तुला होऊन गेलंय. पत्नीचं कार्ड सापडत नाही. ती गरोदर आहे, तिसरा महिना चालू आहे. सहा वर्षांच्या मुलीला सरकारी केंद्रात वेळापत्रकाप्रमाणे सगळ्या लशी दिल्या आहेत. मी रक्त तपासू, लगेच लस घेऊ, की काहीच करायला नको? परदेशात शिकणाऱ्या भावाला दोन डोस झालेले असूनही तिथे तिसरा दिला. दोन डोसांनी भागत नसेल तर ही लस घ्यायची तरी कशाला?

उत्तर:

तुमच्या घरात तिघांसाठी तीन वेगळी उत्तरं आहेत, पण ती सगळी एकाच गोष्टीवर उभी आहेत. गालगुंडाची लस घेतल्याची लेखी नोंद तुमच्यापैकी कुणाकडेही नाही. तुमच्या कार्डावरची 'गोवर' ही नोंद फक्त गोवरापुरती आहे. सरकारी लसीकरण कार्यक्रमात १९८५पासून गोवराची लस होती. २०१७पासून टप्प्याटप्प्यानं तिची जागा गोवर-रुबेला, म्हणजे एमआर लशीनं घेतली. गालगुंडाचा घटक एमएमआरमध्ये, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला लशीत असतो आणि ती लस केंद्राच्या कार्यक्रमात नाही. मधला एक 'एम' वाचताना सहज निसटतो, आणि 'सगळ्या लशी दिल्या' असं मनापासून सांगणाऱ्या आईवडिलांची मुलंही गालगुंडासाठी उघडी राहतात. तुमच्या मुलीचं कार्ड आज काढून पाहा. नऊ ते बारा महिन्यांच्या आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या रकान्यात 'एमआर' लिहिलेलं असेल, तर गालगुंडाच्या हिशेबात तिचे डोस शून्य धरायचे.

आता लहानपणीच्या सुजलेल्या गालाबद्दल. खरं गालगुंड एकदा होऊन गेलं की संरक्षण सहसा आयुष्यभर टिकतं. दुसऱ्यांदा होणं क्वचितच. पण गाल सुजला म्हणजे गालगुंडच झालं होतं, असं नाही. कानापुढची लाळग्रंथी फ्लू, पॅराइन्फ्लुएन्झा, एपस्टाइन-बार अशा इतर विषाणूंनी सुजते, जिवाणूंमुळे सुजते, लाळेच्या नळीत खडा अडकला तरी सुजते. काही मुलांची तर तीच ग्रंथी वर्षातून दोन-तीनदा सुजते, आणि घरात प्रत्येक वेळी 'गालगुंड' असाच शब्द वापरला जातो. म्हणूनच अमेरिकेतल्या नियमांत डॉक्टरांनी केवळ पाहून केलेलं जुनं निदानही प्रतिकारशक्तीचा पुरावा म्हणून धरत नाहीत. तिथे लशीची लेखी नोंद, प्रयोगशाळेनं सिद्ध केलेला आजार, रक्तातल्या प्रतिपिंडांचा (विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनांचा) अहवाल किंवा १९५७पूर्वीचा जन्म एवढंच चालतं. जन्मवर्षाची अट अशासाठी, की लस येण्याआधीच्या त्या काळात जवळपास प्रत्येक मुलाला हा आजार होऊनच जायचा. आईची आठवण खोटी नाही, पण तिच्या भरवशावर डोस टाळू नका.

रक्ततपासणीचा मोह होणं स्वाभाविक आहे, कारण हातात एक आकडा येतो. गालगुंडाच्या बाबतीत मात्र तो आकडा कच्चा आहे. आयजीजी, म्हणजे संसर्गानंतर किंवा लशीनंतर रक्तात टिकून राहणारे प्रतिपिंड किती असले म्हणजे माणूस सुरक्षित, याची सर्वमान्य रेषा गालगुंडासाठी ठरलेलीच नाही. अहवालात 'पॉझिटिव्ह' आलेल्यांना साथीत गालगुंड झालं आहे. पॅराइन्फ्लुएन्झाच्या प्रतिपिंडांमुळे चाचणी कधी फसते, तर दोन डोस घेतलेल्यांचा अहवाल कधी 'निगेटिव्ह' येतो. अशांना केवळ त्या अहवालामुळे पुन्हा लस देत नाहीत. दोन डोसांची लेखी नोंद अहवालाहून वरचढ धरली जाते. तुमच्याकडे नोंद नाही, तेव्हा तपासणीत दिवस घालवण्यापेक्षा सरळ डोस घ्या. आधीच प्रतिकारशक्ती असेल तर लशीतला क्षीण विषाणू शरीर तिथल्या तिथे निकामी करतं. जास्तीच्या डोसानं नुकसान होत नाही.

पण हा डोस या वेळच्या संसर्गापासून तुम्हाला वाचवील, अशी आशा ठेवू नका. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यावर ७२ तासांत लस घेतली तर आजार टळू शकतो. लोक तोच नियम गालगुंडाला लावतात आणि इथेच गल्लत होते. गालगुंडात संपर्कानंतर घेतलेली लस तो विशिष्ट संसर्ग थांबवत नाही, आणि इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही थांबवत नाही. तरी लस आत्ताच घ्यायची, कारण वसतिगृहातली साथ दोन मुलांवर थांबेलच असं नाही आणि पुढच्या प्रत्येक संपर्कासाठी तुम्हाला संरक्षण हवं आहे. शरीरात विषाणू आधीच शिरलेला असला, तरी वर लस घेतल्यानं आजार जास्त तीव्र होत नाही.

तुम्हाला दोन डोस लागतील, मध्ये किमान २८ दिवसांचं अंतर ठेवून. दुसऱ्याला उशीर झाला तर पहिला वाया जात नाही, फक्त मोजणी पुढे सरकते. एक डोस अर्ध्या मिलिलिटरचा, दंडात त्वचेखाली. लस पावडरच्या रूपात येते. ती तिच्यासोबत आलेल्या द्रावकातच मिसळायची असते, साध्या पाण्यात किंवा दुसऱ्या लशीच्या द्रावकात नाही. अनेक डोसांची कुपी असेल तर ती किती वाजता मिसळली हे निःसंकोच विचारा. सहा तासांनंतर उरलेली लस फेकून द्यायची असते. यातले विषाणू जिवंत असतात. उष्णतेनं आणि उजेडानं ते मरतात, म्हणून लस २ ते ८ अंशांत आणि अंधारात ठेवतात. दंडाला स्पिरिट लावलं असेल तर ते पूर्ण वाळल्यावरच सुई टोचावी. लस टोचली, पण तिच्यातले विषाणू आधीच मेलेले होते, असं झालं तर कार्डावर डोस दिसतो आणि अंगात संरक्षण नसतं.

लस कुणी घेऊ नये, हेही नीट पाहा. गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती गंभीररीत्या खालावलेले रुग्ण, आधीच्या डोसाला किंवा निओमायसिन अथवा जिलेटिनला तीव्र ॲलर्जी आलेले लोक यांना ती देत नाहीत. रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दोन आठवडे वा अधिक घेतलं असेल, तर औषध थांबल्यावर महिनाभर थांबतात. नुकतंच रक्त किंवा रक्तघटक चढवले असतील तर काही महिने थांबावं लागतं, कारण त्या रक्तातले उसने प्रतिपिंड लशीच्या विषाणूला मारून टाकतात. दुसरी एखादी जिवंत लस टोचून घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी, नाहीतर २८ दिवसांनी. अंड्याची ॲलर्जी ही मात्र अडचण नाही, बरेच जण उगाच घाबरतात. लशीनंतर सातव्या ते बाराव्या दिवसादरम्यान थोडा ताप किंवा पुरळ येऊ शकतो. प्रौढ स्त्रियांत रुबेलाच्या घटकामुळे काही दिवस सांधे दुखू शकतात. दोन आठवड्यांच्या आसपास गाल किंचित सुजणंही शक्य आहे. तुम्ही संपर्कानंतर लस घेणार, म्हणजे अशी सूज आली तर ती लशीची की आजाराची, हा घोळ होणार. तो प्रयोगशाळा विषाणूचा जनुकीय प्रकार पाहून सोडवू शकते. तोवर मात्र आजारच आहे असं धरून वेगळं राहा.

पत्नीला आत्ता लस देता येणार नाही. घाबरून जाण्याचंही कारण नाही. गालगुंडामुळे बाळात जन्मजात व्यंग येतं असं दिसलेलं नाही. त्या बाबतीत खरा धोका रुबेलाचा. पहिल्या तीन महिन्यांतल्या गालगुंडाचा गर्भपाताशी संबंध काही जुन्या पाहण्यांत दिसला होता, नंतरच्या अभ्यासांत तो पक्का झाला नाही. तिच्या डॉक्टरांना संपर्काची कल्पना आजच द्या. प्रसूती झाल्यावर दवाखान्यातून घरी येण्याआधीच तिला एमएमआरचा पहिला डोस मिळावा, असं आत्ताच फाइलवर लिहून घ्या. नंतर बाळाच्या गडबडीत हे हमखास राहून जातं. स्तनपान चालू असताना ही लस चालते. डोसानंतर महिनाभर पुन्हा गर्भधारणा टाळायची. आणि घरात गरोदर बाई आहे म्हणून तुम्ही किंवा मुलीनं लस लांबवू नये. उलट, तिच्याभोवतीची माणसं सुरक्षित असणं हेच सध्या तिचं संरक्षण आहे.

मुलीला एमएमआरचे दोन डोस द्या, किमान चार आठवड्यांच्या अंतरानं. गोवर आणि रुबेलाचे डोस त्यामुळे जास्तीचे होतील, त्यानं काही बिघडत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या वेळापत्रकात एमएमआर नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षं अशी तीनदा आहे. सरकारी आणि खासगी वेळापत्रकांतला हा फरक बऱ्याच पालकांना कुणी सांगितलेलाच नसतो.

पुढचे काही दिवस कॅलेंडरवर मोजायचे आहेत. गाल सुजण्याच्या दोन दिवस आधीपासून सुजल्यानंतर पाच दिवसांपर्यंत रुग्णाकडून संसर्ग होतो. म्हणजे तो विद्यार्थी तुमच्यासमोर बसला तेव्हा तो पसरवत होता, हे धरून चाला. संपर्काचा दिवस शून्य माना. बाराव्या दिवसापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत लक्ष ठेवायचं. सर्वाधिक शक्यता सोळाव्या ते अठराव्या दिवशी. सुरुवातीला गालाकडे कुणाचं लक्ष जात नाही. आधी एक-दोन दिवस बारीक ताप, अंगदुखी, डोकं जड, भूक मंद. मग चावताना किंवा आंबट खाल्ल्यावर कानाखाली कळ. सूज आली की कानाची पाळी वर उचलली जाते आणि जबड्याचा कोपरा बोटाला लागेनासा होतो. काहींना सूज येतच नाही, नुसत्या सर्दी-तापावर निभावतं, आणि तरी ते इतरांना देऊ शकतात. या दोन आठवड्यांत पेला, चमचा, पाण्याची बाटली वेगळी ठेवा. साधा ताप आला तरी वेगळ्या खोलीत झोपा.

सूज आलीच तर पहिल्या तीन दिवसांत गालाच्या आतला नमुना पीसीआरसाठी द्या. नमुना घेण्याआधी कानापुढची ग्रंथी साधारण ३० सेकंद हलकेच चोळून लाळ नळीतून बाहेर आणायची आणि वरच्या दाढांसमोर जिथे ती नळी उघडते तिथे स्वॅब फिरवायचा. हे न करता नुसता घशाचा स्वॅब घेतला तर विषाणू अनेकदा हाती लागत नाही आणि 'गालगुंड नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. लस घेतलेल्या माणसात ताज्या संसर्गाचे प्रतिपिंड शोधणारी आयजीएम चाचणीही अनेकदा निगेटिव्ह येते. रक्तात अमायलेज हे पाचक द्रव्य वाढलेलं दिसलं म्हणून स्वादुपिंडाला सूज आहे असं मानू नका. ते लाळग्रंथीतूनही येतं. पोटात वरच्या बाजूला दुखत असेल तर लायपेज हे स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य पाहावं लागतं.

यावर विषाणूविरोधी औषध नाही, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, मऊ अन्न आणि सूज आल्यापासून पाच दिवस वेगळं राहणं, एवढंच. प्रौढ पुरुषानं मात्र एका गोष्टीबद्दल सावध असावं. लस न घेतलेल्या, वयात आलेल्या पुरुषांत साधारण १५ ते ३० टक्के जणांना अंडकोषाला सूज येते, बहुतेकदा गाल सुजल्यानंतर आठवडाभरात आणि बहुतेकदा एकाच बाजूला. त्यानंतर तो अंडकोष थोडा लहान होऊ शकतो. पूर्ण वंध्यत्व दुर्मीळ आहे. लाजेपायी दोन दिवस अंगावर काढणं हाच खरा धोका. अचानक उठलेली तीव्र कळ गालगुंडाची आहे की अंडकोषाला पीळ पडला आहे, हे सोनोग्राफीशिवाय नक्की सांगता येत नाही, आणि पीळ असेल तर सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. गालगुंड असताना दुखतंय म्हणून ते गालगुंडाचंच, असं घरी ठरवू नका. मान आखडून डोकं ठणकत असेल, सारख्या उलट्या होत असतील, किंवा एका कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मुलांच्या बाबतीत कान मुद्दाम तपासा. एकाच बाजूची श्रवणशक्ती गेली तर मूल तक्रार करत नाही, आणि गेलेलं ऐकू येणं बहुधा परत येत नाही.

आता भावाच्या तिसऱ्या डोसाकडे. एमएमआरच्या एका डोसानं गालगुंडापासून साधारण ७२ ते ७८ टक्के संरक्षण मिळतं, दोन डोसांनी ८६ ते ८८ टक्के. गोवरासाठी हाच आकडा दोन डोसांनंतर ९७च्या घरात आहे. म्हणजे गालगुंड हा या लशीचा सगळ्यात कच्चा दुवा आहे, हे मान्यच करायला हवं. शिवाय हे संरक्षण वर्षांगणिक ओसरतं. बालपणी दोन डोस घेतलेली मुलं विशीत येऊन वसतिगृहात एका खोलीत चौघं झोपतात, एका बाटलीतून पाणी पितात, तेव्हा अंगावर येणारा विषाणूचा भारही मोठा असतो. २००६ साली अमेरिकेत साडेसहा हजारांवर रुग्ण झाले; त्यांत महाविद्यालयीन मुलं भरपूर होती आणि त्यांतल्या बहुतेकांचे दोन्ही डोस झालेले होते.

'लस घेतलेलेच आजारी पडतात' ही ओरड इथूनच सुरू होते. म्हणून मानलेल्या आकड्यांवर एक हिशेब करा. हजार विद्यार्थी, त्यांत ९५० जणांचे दोन डोस झालेले, ५० जणांचे नाहीत. लस न घेतलेल्यांपैकी ४० टक्क्यांना आजार होतो असं धरलं तर ते झाले २०. घेतलेल्यांना ८६ टक्के संरक्षण, म्हणजे त्यांच्यातले ५.६ टक्के आजारी, ते झाले ५३. एकूण ७३ रुग्णांत ५३ लस घेतलेले! पण धोका बघा: एकीकडे शंभरात चाळीस, दुसरीकडे शंभरात सहासुद्धा नाहीत. सातपट फरक. वर, लस घेतलेल्यांत अंडकोषाची सूज आणि मेंदूच्या आवरणाचा दाहही कमी दिसतो.

तिसरा डोस सगळ्यांसाठी नाही. आयोवा विद्यापीठातल्या २०१५-१६च्या साथीत तिसरा डोस घेतलेल्यांत दर हजारी ६.७ जणांना गालगुंड झालं, दोनच डोस असलेल्यांत १४.५ जणांना. त्यानंतर ऑक्टोबर २०१७मध्ये अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीनं ठरवलं की आरोग्य यंत्रणेनं साथीत ज्या गटाला जास्त धोका आहे असं म्हटलं असेल, त्यालाच हा डोस द्यायचा. त्यानं वाढलेले प्रतिपिंड काही महिन्यांत पुन्हा खाली येतात. भावाला तो त्याच्या वसतिगृहातल्या साथीसाठी मिळाला असणार. तुमचा तर अजून पहिलाच व्हायचा आहे.

धोरणाचा भागही तुमच्याच प्रश्नात आहे. गालगुंडानं माणसं क्वचित दगावतात. गोवर जीव घेतो आणि रुबेला पोटातल्या बाळाला इजा करतो, म्हणून त्या दोघांना सरकारी कार्यक्रमात आधी जागा मिळाली. हा क्रम समजण्यासारखा आहे. पण गालगुंडाला कायम बाहेर ठेवणं आम्हाला पटत नाही. ब्रिटननं १९८८मध्ये एमएमआर सुरू केली आणि १९९४मध्ये गोवराची साथ रोखायला ५ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना मोहिमेत एमआर लस दिली, गालगुंडाच्या घटकाविना. त्याच वयाची मुलं मोठी होऊन विद्यापीठांत पोचली आणि २००५ या एका वर्षात इंग्लंड-वेल्समध्ये गालगुंडाचे ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. जपाननं लशीतल्या गालगुंड-विषाणूच्या उराबे नावाच्या वाणामुळे मेंदूच्या आवरणाचा दाह होतो म्हणून १९९३मध्ये एमएमआर थांबवली आणि गालगुंडाची लस ऐच्छिक ठेवली. तिथे २०१५-१६च्या साथीत तीनशेहून अधिक जणांची श्रवणशक्ती गेल्याचं कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या पाहणीत आढळलं. याउलट फिनलंडनं १९८२पासून दोन डोस नेटानं दिले आणि नव्वदच्या दशकात देशातल्या देशात पसरणारं गालगुंड संपवलं.

अर्धवट लसीकरणातही एक धोका आहे, आणि तो विरोधकांनी नव्हे, समर्थकांनी आधी सांगायला हवा. मोजक्याच मुलांना लस मिळाली तर विषाणू फिरणं बंद होत नाही, फक्त मंदावतं. उरलेल्यांना तो बालपणी न गाठता विशीत गाठतो, जिथे गुंतागुंत जास्त. त्यामुळेच जागतिक आरोग्य संघटनेनं गालगुंडाची लस कार्यक्रमात आणताना किमान ८० टक्के मुलांपर्यंत पोचण्याची क्षमता हवी असं म्हटलं होतं. आज आपल्याकडे ती लस खासगी दवाखान्यात परवडणाऱ्यांनाच मिळते, म्हणजे आपण नेमक्या या अर्धवट अवस्थेत आहोत. एमआर देणारी यंत्रणा, लस थंड ठेवणारी शीतसाखळी आणि वेळापत्रक तयार आहे. त्याच सुईत तिसरा घटक घालायचा आहे.

महाविद्यालयात तुम्ही सोमवारीच एक काम करू शकता. वसतिगृहातल्या प्रत्येकाकडून लसीकरण कार्डाचा फोटो मागवा आणि तीन याद्या करा: एमएमआरचे दोन डोस, एक डोस, नोंद नाही. 'एमआर' आणि 'गोवर' या नोंदी तिसऱ्या यादीत टाका, मुलांनी कितीही खात्रीनं सांगितलं तरी. सुजलेल्या दोघांना सूज आल्यापासून पाच दिवस होईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवा, त्यांचं ताट-पाणी खोलीवर पोचवा. त्यांना गर्दीच्या बसनं घरी पाठवू नका. आणि तालुका किंवा महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवताना त्या तीन याद्या सोबत जोडा.